पाणी न लागलेलं लुगडं

जिकरानं लुगड्याचा न रंगलेला फिका कोपरा पाटावर ताणून धरला, अर्ध्या लिंबावर मीठ घेतलं आणि जांभळ्या शिक्क्यावर गोल गोल घासायला सुरुवात केली. समोर विटेला टेकवलेला मोबाइल तिचे हात टिपत होता. चेहरा कधीच नाही, फक्त हात. अब्बांची तेवढी एकच अट होती आणि ती पाळण्यात तिचं काही जातही नव्हतं. लोक हातच तर बघायला येत होते.

शिक्का मोठा हट्टी निघाला. कुठल्याशा विणकर सोसायटीचं अर्धवट नाव, त्याखाली मोर. आदल्या दिवशी तिनं तो कोपरा ताकात भिजत ठेवला होता, तेव्हा कुठे मोराचा पिसारा तेवढा गेला होता. आता लिंबाखाली मोराची मान विरघळली, मग पाय, मग नुसता एक जांभळट ढग उरला. तांब्याभर पाणी ओतल्यावर तोही गेला. तिनं कोपरा उचलून उन्हाकडे धरला. शिक्का कधी होता, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

"बघा," ती मोबाइलला म्हणाली, "किती वर्षांचा शिक्का, आणि एका लिंबात गायब."

"कोनासंग बोलून राह्यली व?" बाजेवर सुपारी कातरत बसलेल्या दादीनं विचारलं.

"लोकांसंग."

"कोनते लोक? आंगनात त मी अन् कोंबडी हाय."

जिकरा हसली. घरात अर्धं उर्दू, अर्धं वऱ्हाडी चालायचं. दादी कमरुन्निसा रागावली की उर्दूत जायची आणि मजेत असली की वऱ्हाडीत. आज मजेत होती.

ते लुगडं होतंच तसं. नऊवारी, सुती, वांग्याच्या रंगाचं, काठावर करवतीचे दाते असावेत तशी बारीक नक्षी. रुपाबाई भांडेवालीच्या गठ्ठ्यात ते आलं होतं. रुपाबाई खेडोपाडी डोक्यावर स्टीलची भांडी घेऊन फिरायची, जुन्या कपड्यांवर डबे, पातेली द्यायची. फाटकं ते गॅरेजवाल्यांना पुसायला, बरं ते बाजारात; पण गेल्या वर्षापासून चांगलं जुनं काही आलं की ती गठ्ठा आधी मंगरूळपीरला गफ्फार रफूवाल्याच्या दुकानात सोडायची आणि त्याच्या पोरीला म्हणायची, "उचल व, तुया कामाचं काय असंन ते."

जिकरा अकरावीत होती. दहावीपर्यंत वर्गात उभं राहून एक वाक्य बोलायचं तर तिच्या तळहाताला घाम फुटायचा. पण कापड हातात आलं की तिला कुणाला विचारावं लागत नसे. जरीच्या साडीजवळ डांबरगोळी ठेवायची नाही. रेशीम सावलीत वाळवायचं. घडी दर थोड्या महिन्यांनी मोडून नव्या जागी घालायची, नाहीतर कापड घडीवरच फाटतं. आणि जुनं सुती काही आलं तर पहिलं काम त्यातली खळ काढायची, कारण खळ म्हणजे किड्यांचं जेवण. हे सगळं ती मोबाइलसमोर धडाधड सांगायची आणि नागपूर-पुण्याच्या बाया तिला ताई म्हणायच्या, तिच्यापेक्षा दुप्पट वयाच्या बाया.

हे लुगडं कुणी कधी नेसलंच नव्हतं. पहिल्याच स्पर्शात तिला ते कळलं होतं. काठ कुठे घासलेला नाही, निऱ्यांची मोड नाही, खळ अजून इतकी कडक की घडी उघडताना कागदासारखी करकरली. घडीत कडुनिंबाचा पाला होता, हात लावला तर भुगा होणारा. उघडण्याआधी तिनं सवयीप्रमाणे प्रत्येक घडीचा फोटो काढला. मग रिठ्याच्या पाण्यात ते तीनदा बुडवलं, आणि तिन्ही वेळा वर्षानुवर्षांची खळ दुधासारखी पांढरी होऊन पाण्यात उतरली. वाळलं तेव्हा ते हातातून सांडत होतं, इतकं मऊ.

लिंबाची ती रील तिच्या आजवरच्या सगळ्या रीलांमध्ये जास्त चालली. नागपूरच्या एका बाईंनी लुगडं मागूनही घेतलं होतं. फक्त पार्सल करायचं राहिलं होतं.

म्हातारी आली ती दुपारची, दर्ग्याच्या रस्त्यावरच्या दुकानात. जिकरा कॉलेजातून थेट दुकानात येऊन बसली होती. अब्बा एका शेरवानीच्या बाहीवर वाकलेले. दारात सावली पडली, पण आत कुणी येईना, म्हणून दोघांनी वर पाहिलं.

"रफूवाले गफ्फार तुमीच काय, भाऊ?"

"मीच. या, बसा."

ती बसली नाही, खाली उतरली म्हणावं लागेल. एक हात चौकटीला, एक गुडघ्याला, मग हळूच पायरीवर. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यातून वर आले होते. एका डोळ्यात मोती उतरलेला. दुसऱ्या डोळ्यातला पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा पिवळा होता. जिकरानं माठातलं पाणी दिलं. ते तिनं तोंडाला लावलं आणि अर्धं तसंच ठेवलं.

"माय नाव भागिरथा. अनसिंगच्या पल्याडची मी. दोन गाड्या बदलून आली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "रुपाबाई भांडेवाली इथं कपडे देते म्हनतात."

"देते. काय पाहिजे होतं?"

"माया सुनेनं पेटीतलं लुगडं देलं तिले. सुनेची चूक नाही हो. तिले काय मालूम, मी कधी सांगतलंच नाही. नातवाले होस्टेलात डबा पाह्यजे होता. पेटीत जुनं पडून राह्यलं दिसलं, देऊन टाकलं. आता रडते बिचारी. मी म्हनलं, रडू नको, मी पाह्यतो कुठं भेटते काय."

"कोणतं लुगडं, आजी?" जिकरानं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"वांगी रंगाचं. करवती काठाचं."

जिकराच्या ओठांवर आलंच होतं, की आहे ना, आणि आता बघाल तर ओळखणार नाही, असं चमकावलंय. ती उठायलाही निघाली. म्हातारी बोलतच होती.

"माया भावानं आनलं होतं, जगदेवनं. आमच्यात बाई मेली का माहेरचं लुगडं आल्याबिगर उचलत नाहीत. ते आंगावर घालतात, मंगच नेतात. न्हाई आलं त बाई तशीच पडून राह्यते अन् लोक इकडेतिकडे पाह्यतात. जगदेवले पोरबाळ नव्हतं. आजारी पडला त मले म्हने, बाई, तुया टायमाले मी राह्यतो नाही राह्यत. तुयं लुगडं आताच देऊन ठेवतो. मी त्याले लय शिव्या देल्या. म्हनलं, जित्या बहिनीले कोनी देते काय असं. त्यानं ठेवलं बाजेवर अन् चहा पेऊन गेला. त्याच साली गेला तो." ती थांबली. "आता माहेरात कोनी नाही. घराची जागा हाय, तिथं मोबाइलचा टावर हाय."

अब्बांनी सुई शेरवानीत टोचून ठेवली.

"मांगच्या महिन्यात वाशिमच्या डॉक्टरनं मशिनीत पाह्यलं. मायासमोर काही बोलला नाही, पोराले बाहेर नेलं. मले कळलंच. म्हून घाई करून राह्यली, नाहीतर कायले आली असती एवढ्या लांब." मग तिनं तो एक चांगला डोळा जिकराकडे वळवला. "पानी त नाही ना लावलं, पोरी, त्याले? कोरंच लागते ते. पान्यातून काढलं का ते नेसाचं झालं. मंग ते नाही चालत."

रस्त्यावरून एक टमटम गेली. तिचा आवाज पार कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत राहिला.

"नाही लावलं," जिकरा म्हणाली.

आवाज अजिबात हलला नाही. मोबाइलसमोरचा तोच आवाज, स्वच्छ, ठाम. तिलाच त्याचं नवल वाटलं.

"नाही?"

"नाही, आजी. घडीतच आहे, आलं तसं. घरी ठेवलंय, इथं नाही. तुम्ही बाजाराच्या दिवशी या, काढून ठेवते."

म्हातारी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "जीव भांड्यात पडला माया. येतो मंग." आणि आली होती तशीच, चौकट आणि गुडघा धरून, उभी राहिली. अब्बांनी हात दिला, टमटमपर्यंत पोचवून आले. परत येऊन शेरवानी उचलली, पण सुई ओवली नाही.

"काहून खोटं बोलली?"

"खरं सांगून तिचं काय भलं झालं असतं, अब्बा?"

"भलं नसतं झालं. खरं झालं असतं."

"अन् ती इथंच पायरीवर बसून रडली असती तर?"

"त पानी देलं असतं." ते बाहीचं भोक उजेडात धरून बघत राहिले. "मी भोक दिसू देत नाही, जिकरा. चाळीस गिऱ्हाइकांत एकालेही नाही दिसत. पन कपडा देतानी बोट ठेवून सांगतो, इथं होतं म्हून."

तिला रडू आलं नाही, राग आला. अब्बांचा नाही, म्हातारीचाही नाही. ज्या गोष्टीत ती पहिल्यांदा कुणापेक्षा तरी हुशार ठरली होती, त्याच गोष्टीचा.

घरी आल्यावर तिनं दादीला सगळं सांगितलं. दादी उठली, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, झाकण उघडून बसली. वर तिचं कफन होतं, पांढऱ्या लठ्ठ्याचं, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. हजला गेली तेव्हा तिनं ते तिथं जमजमच्या पवित्र पाण्यात बुडवून, वाळवून आणलं होतं. दर वर्षी रमजानच्या आधी ती ते काढायची, दोरीवर वारा द्यायची आणि लहान जिकरा दोरीखालून इकडून तिकडे पळायची. कफन म्हणजे पाण्यातून काढलेलं, हे जिकराला कुणी शिकवलं नव्हतं. ती ते बघतच मोठी झाली होती. लुगडं रिठ्यात बुडवताना त्याच्यावर कुणाचा शेवटचा दिवस ठेवलेला असेल हे तिच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं, आणि आलं असतं तरी तिनं ते अधिकच मन लावून धुतलं असतं.

"माझं पान्यानं पाक झालं," दादी म्हणाली, "अन् तिचं पान्यानं वाया गेलं. कापूस त एकाच शेतातला असंन."

"मी ते पुन्हा कोरं करू शकते."

"कोरं करते? कसं काय?"

"कोऱ्यासारखं."

दादीनं पेटीचं झाकण लावलं. बराच वेळ ती अडकित्ता शोधत राहिली. तो तिच्या मांडीवरच होता.

"तांदूळ जुना घेजो," शेवटी ती म्हणाली. "नव्या तांदळाची पेज चिकट होते."

मग जिकरानं ते केलं. नागपूरच्या बाईंना लुगडं नाही म्हणून कळवलं. तांदळाची पेज करून मलमलीतून दोनदा गाळली, थोडं मीठ घातलं, लुगडं त्यात बुडवून काढलं. तिला खळ काढायची सवय, घालायची नव्हती. पहिल्यांदा खळ एका ठिकाणी दाट बसली आणि वाळल्यावर कापडावर भाजीच्या डागासारखे पांढरे पट्टे उठले. पुन्हा धुतलं. ज्या कापडाला पाणी लागायला नको होतं, त्याला ती पाण्यातून काढत होती आणि घालत होती. दुसऱ्यांदा पेज पातळ केली. दोघींनी ते दोन टोकांना धरून ताणलं, दादीची दमछाक व्हायची, मग ती खाटेच्या पायाला गाठ मारून बसायची. अर्धवट ओलं असताना पाटावर पसरून काचेच्या बाटलीनं घासलं, वीतभर, मग पुढची वीत. या वेळी विटेला काही टेकवलेलं नव्हतं. मोबाइल फक्त एकदाच उघडला, घड्यांचे फोटो बघायला. जुन्या घड्या कापडावर फिक्या रेघांसारख्या अजून होत्या. नव्या जागी घडी घालावी हे ती जगाला सांगायची. आता ती एकेक रेघ शोधून बरोबर तिच्यावरच दुमडत होती.

राहिला शिक्का. कॉलेजातून मैत्रिणीनं, निकितानं, जांभळं स्टॅम्पपॅड आणून दिलं, कशाला ते विचारलं नाही. जिकरानं अर्ध्या बटाट्यावर मोर कोरला आणि आधी चिंधीवर उठवून पाहिला.

दादीनं चिंधी डोळ्यांजवळ नेली. "कोंबडी हाय."

"मोर आहे."

"कोंबडी हाय, बेटा. अन् तीही आजारी."

दोघी हसल्या, मग जिकरानं बटाटा कोंबड्यांना टाकून दिला. शिक्का नसण्यापेक्षा खोटा शिक्का वाईट दिसला असता. म्हातारीच्या एका डोळ्यात मोती उतरलाय, ती स्वतःशी म्हणाली, आणि दुसऱ्याचंही काही खरं नाही. हा विचार मनात आला तसा तिनं चटकन दुसरीकडे वळवला, उकिरड्याजवळून जाताना नाक वळवावं तसा. घडीत कडुनिंबाचा ताजा पाला तव्यावर सुकवून ठेवला.

बाजाराच्या दिवशी भागिरथाबाई आली. अब्बांनी तिला दुकानातून घरी आणून सोडलं आणि उंबऱ्याशी क्षणभर उभे राहून परत गेले. चार-आठ दिवसांत ती आणखी वाळली होती. पदराखालून पोट मात्र वर आलेलं. दादीनं बाजेवर गोधडी टाकली. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली, गाडीत बसायला जागा मिळाली का ते झालं, चहा आला. भागिरथाबाईनं तो बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरून ठेवली.

"दाखव, पोरी."

जिकरानं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं.

म्हातारीनं आधी नुसता हात ठेवला वर, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग एक घडी उघडली. खळ करकरली, बरोबर करकरली. म्हातारीनं काठ दोन बोटांत धरून दात्यांवरून फिरवला. मग लुगडं उचलून नाकाशी नेलं. कडुनिंबाचा पाला तिच्या नेसत्या लुगड्यावर सांडला. नाक तिथंच राहिलं, वास घेऊन झाल्यावर राहायला हवं त्यापेक्षा जास्त वेळ. दादी अंगणातल्या कोंबडीकडे बघू लागली.

"शिक्का होता एक," भागिरथाबाई म्हणाली. "मोर."

"आहे ना, आजी. पदराच्या कोपऱ्याला."

म्हातारीनं कोपरा शोधला. घाई न करता, घड्या न मोडता. चांगल्या डोळ्यासमोर धरला, थोडा लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग अंगठ्यानं त्या जागेवर घासलं, एकदा, दोनदा, जिथं जिकरानं लिंबू घासलं होतं अगदी तिथंच. कापड स्वच्छ होतं. जिकराच्या तळहातांना घाम फुटला, दहावीच्या वर्गातल्यासारखा.

"हाय," म्हातारी म्हणाली.

तिनं कोपरा आत दुमडला, घडी घातली, वरून हात फिरवला आणि लुगडं दोन्ही हातांनी उचलून जिकराकडे केलं.

"ठेव तुयाजवळ."

"माझ्याजवळ? आजी, तुम्ही न्यायला आल्या ना?"

"घरी नेलं त सून दहा दिवस त्याच्याकडं पाहू पाहू रडीन. अन् घरातून निघालं त ते माहेरचं कसं होईन? बाहेरून याले पाह्यजे ते. कोनी तरी हातात घेऊन दारातून आत याले पाह्यजे." तिला धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत थांबून ती पुढे बोलली, आवाज अगदी रोजचा, बाजारातून मीठ आणायला सांगावं तसा. "माया नातू फोन करीन तुले. प्रज्वल नाव हाय त्याचं. गाडीले उशीर झाला त थांबतीन लोक, लुगड्यासाठी थांबतातच. तू ये. अन् बाया पुसतीन, कोरं हाय काय म्हून. पुसतातच. दारातच पुसतात, घालायच्या आधी."

जिकरानं दादीकडे पाहिलं. दादी अजून कोंबडीकडेच बघत होती.

"आजी, मी..." तिनं सुरुवात केली. तिच्या डोळ्यांसमोर अब्बांचं बोट आलं, बाहीवर ठेवलेलं. "आजी, ते लुगडं..."

"मले त तवा सांगता येनार नाही," म्हातारीनं तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "सुनेले सांगता येत नाही, तिचं तोंडच सांगते. पोरगा त रडूनच राहीन. मी त्या दिवशी दुकानात तुले पुसलं, तवा तुया डोया हालला नाही. मी पाह्यत होती. म्हनलं, झालं, भेटली. हे पोरगी सांगीन."

 भागिरथाबाईनं बशीतला गार चहा एका घोटात संपवला, बशी पालथी घातली आणि उठायला दोन्ही हात पुढं केले. जिकरानं ते धरले. म्हातारीनं उभी राहिल्यावरही हात सोडले नाहीत. उलटे करून पाहिले, बोटं, नखं, अंगठ्याजवळची जुनी सुईची खूण.

"हेच हायेत," ती म्हणाली. "दुकानात आली त्याच्या आधीच नातवानं मोबाइलात दाखवले होते. निंबू घासून राह्यले होते. पहिल्यांदा पाह्यलं त रात्रभर झोप नाही आली मले. मंग पुन्हा लाव म्हनलं त्याले. चांगले हात हायेत, पोरी. जोर लावत नाहीत कपड्यावर."

ती टमटमपर्यंत जिकराच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेली आणि रस्ताभर फक्त उन्हाबद्दल बोलली.

जिकरा परत आली तेव्हा दादीनं पेटी उघडून ठेवली होती. मोबाइल चौकटीजवळ पडला होता. तिनं तो उचलला, लिंबाची रील काढली. खाली अजून बाया लिहीत होत्या, ताई जादू, ताई आम्हाला शिकवा. रील एकदाही न बघता तिनं पुसून टाकली. मग प्रज्वलचा फोन यायचा होता म्हणून मोबाइलचा आवाज वाढवून तो तिथंच ठेवला आणि लुगडं घेऊन पेटीशी बसली.

कफनाखाली जागा होती. तिनं कफन उचललं.

"खाली नको," दादी म्हणाली. "वर राहू दे. कोनाचं पह्यले लागते काय माहीत, तवा उपसत कायले बसा."

जिकरानं कफन परत ठेवलं, त्याची ओढणी नीट केली. मग लुगडं वर ठेवलं, शिक्क्याचा कोपरा आतल्या बाजूला करून, आणि झाकण लावताना ते दबू नये म्हणून हात थोडा वेळ मध्ये धरून ठेवला.